पाव आटा आणि पांढरा दोरा

मित्रांनो, मी एक जुना कंपाउंड बो आहे. मराठीत मला धनुष्य म्हणता येईल, पण मला पाहिल्यावर तसं म्हणायला कुणाची जीभ वळत नाही. चित्रातलं धनुष्य म्हणजे एक वाकलेली काठी आणि एक दोरी. माझ्याकडे दोन पाती आहेत, दोन्ही टोकांना एकेक चाक आहे, मधे दोऱ्यांचं जाळं आणि अंगभर बोल्ट. सोलापुरात मी नवीन आलो तेव्हा शेजारच्या एका काकूंनी विचारलं होतं, "सायकलचं काय निघालंय हे?" मी रागावलो नाही. चाकं आहेतच की.

ही चाकं शोभेची नाहीत. मला ओढायला घेतलं की मी आधी जड लागतो. इतका जड, की मधेच सोडून द्यावंसं वाटतं. पण जो नेटानं ओढत राहतो त्याच्यासाठी शेवटी चाकं फिरतात आणि बराचसा भार मी माझ्या अंगावर घेतो. मग तो निवांत नेम धरतो. अशी सोय मी माणसांत क्वचित पाहिली आहे, पण तो आपला आजचा विषय नाही.

माझे पहिले मालक पुण्यातले एक उंच साहेब होते. त्यांनी मला सोफ्याच्या वर टांगलं. पाहुणे आले की मला खाली काढत आणि प्रत्येक पाहुणा मला बाण न लावताच ओढून बघे. मित्रांनो, बाण नसताना मला ओढून सोडलं, तर बाणाला द्यायचा सगळा जोर माझ्याच हाडांत परत येतो. पाती तडकतात, दोरी चाकावरून उतरते. माझी एकदा उतरलीच. पाहुणे म्हणाले, "नाजूक दिसतंय," आणि पोहे खायला बसले.

साहेबांची हौस फिटली आणि ओळखीओळखीतून मी सोलापूरला गुरुराज सरांच्या मैदानावर पोचलो. सर अक्कलकोटकडचे. ते शिकवत मराठीत, हसत मराठीत, पण राग आला की थेट कानडीत शिरत. त्यांनी माझी दोरी नीट बसवली, मला उलटासुलटा तपासला आणि दीक्षाच्या हातात दिलं.

दीक्षा अकरावीत होती, रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायची. तिनं मला ओढलं तर दोरी थेट तिच्या कानामागे गेली, कारण माझी ओढ अजून त्या उंच साहेबांच्या हातांच्या मापाची होती. सर म्हणाले, "दुसऱ्याच्या चपला घालून पळता येईल का? आधी माप." त्यांनी चाकांवरचे छोटे तुकडे हलवून माझी ओढ तिच्या हाताएवढी केली. पातं घट्ट-सैल करणारे दोन बोल्ट असतात, एक वर, एक खाली. ते सारखे केले आणि त्यांच्यावर लाल नेलपॉलिशची बारीक खूण ओढली. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाचा तरी झालो. माझे बाण पिवळ्या गोलात असे शेजारी शेजारी बसू लागले, की एकाचं पीस दुसऱ्याला घासे.

मग राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याची निवड चाचणी जाहीर झाली. त्या वयोगटातलं दीक्षाचं ते शेवटचं वर्ष होतं. सरांनी एकच अट घातली. "आता मी याला हात लावणार नाही. तिकडं गेल्यावर मी लाइनच्या मागं उभा असणार. बिघडला तर तू लावायचास. ज्याला स्वतःचा बो लावता येत नाही, त्याला मी नेत नाही."

हे दीक्षानं घरी जाऊन सांगितलं. इथपर्यंत ठीक होतं. पण दीक्षाच्या घरात माणसं प्रेमळ होती.

तिचे वडील हरिदास रेल्वेत कीमन होते. जेऊरच्या बाजूला त्यांची ड्यूटी. रोज रुळाच्या कडेनं चालत जायचं, रुळाला धरून ठेवणारी किल्ली ढिली झाली तर ठोकायची, सैल बोल्ट पिळायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. सुट्टीला घरी आले की ते कुकरचा कान पिळत, पंख्याचा स्क्रू पिळत, शेजाऱ्याची सायकल दिसली तर तीही पिळत. त्यांच्या न्हाणीघराचा नळ उघडायला दोन माणसं लागत. अशा माणसासमोर मी भिंतीला टेकून उभा, अंगभर बोल्ट घेऊन. त्यांनी वरच्या बोल्टला एलन की, म्हणजे सहाकोनी पाना, लावला आणि प्रेमानं पाव आटा, म्हणजे पाव फेरा, पिळला. खालचाही पिळणार होते, तेवढ्यात जेवायला हाक आली.

पुढच्या पौर्णिमेला घरी बौद्ध भिक्खू, म्हणजे भंतेजी आले, मंगलासाठीचा परित्राण पाठ झाला. पाठाच्या वेळी एक लांब पांढरा दोरा पाण्याच्या कलशापासून सगळ्यांच्या हातांतून फिरवतात आणि नंतर त्याचे तुकडे मनगटावर बांधतात. दीक्षाच्या आईनं, म्हणजे मीनाबाईंनी, लेकीला बांधला, लेकाला बांधला, नवऱ्याचा त्यांच्या जेऊरच्या पिशवीत ठेवला आणि उरलेला तुकडा घेऊन माझ्यासमोर बसल्या.

दीक्षाचा मोठा भाऊ सिद्धांत म्हणाला, "मम्मे, ही अंधश्रद्धा हाय बरं का."

"दृष्ट काढायलेय व्हय मी? मंगलकामना हाय ही. तू तुझा मोबाइल बघ."

"अगं पण त्याला मनगट कुटंय?"

मीनाबाईंनी मला निरखलं. माझ्या दोरीच्या मधोमध एक पांढरा छोटा फास असतो. त्यात बाणाची शेपटी बसते आणि तोच फास धरून मला ओढतात. "जिथं पोरीचा हात लागतो, तितंच याचं मनगट," त्या म्हणाल्या, आणि फासाच्या आत, बाण बसतो त्याच्या बरोबर खाली, त्यांनी दोरा करकचून बांधला. पांढऱ्यात पांढरा. दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवसापासून माझे बाण भरकटले. दोऱ्यामुळं बाण शेपटी वर करून निघे. पाव आट्यामुळं मी दीक्षाला जड जाई आणि तिचा खांदा कानाला लागे. बाण खाली पडू लागले. मग सिद्धांत पुढे आला. त्यानं मोबाइलवर तिरंदाजीचे पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळं त्याला सगळं येत होतं. दीक्षा पाणी प्यायला गेली तेव्हा त्यानं माझी साइट, म्हणजे नेम धरायचा ठिपका, वर सरकवला. बाण खाली जात असतील तर साइटही खालीच न्यायची असते, हा व्हिडिओ बहुधा पुढचा होता. बाण आता आणखी खाली गेले. एक तर मैदानावरच्या बाभळीत गेला.

शुक्रवारी सर दीक्षाच्या मागे येऊन उभे राहिले. दोन बाण त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "यारु माडिद्रु इदन्न?" म्हणजे, हे कोणी केलं?

दीक्षा म्हणाली, "सर, मी काहीच नाही केलं."

"तेच तर. तू काहीच केलं नाहीस." त्यांनी माझ्यावरून एकदा नजर फिरवली. मला वाटतं, त्यांना सगळं दिसलं होतं. "रविवारी चाचणी. सापडलं तर ये. नाही सापडलं तर येऊ नकोस, तुझी जागा मी दुसरीला देतो."

त्या संध्याकाळी घरी नेताना दीक्षानं मला पोटाशी धरलं होतं. एरवी ती मला खांद्याला अडकवायची.

शनिवारी हरिदासना सुट्टी होती. सगळं घरच मैदानावर आलं. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी. दीक्षानं एक जुनी काच नसलेली फोटोफ्रेम आणली होती. तिच्यात तिनं वर्तमानपत्राचं पान ताणून बसवलं आणि मागे जाड गादी ठेवली. अगदी जवळून त्या कागदातून बाण मारायचा आणि तो कसा फाटला ते बघायचं. बाण सरळ निघाला तर गोल भोक आणि त्याला पिसांच्या तीन चिरा. वाकडा निघाला तर कागद लांब फाटतो. बो खोटं बोलू शकतो, मारणारा तर सर्रास बोलतो, पण कागद बोलत नाही. निदान बाणानं फाडलेला तरी.

त्या पानावर कुणा तरुण तडफदार नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. पहिला बाण त्यांच्या हनुवटीतून शिरला आणि थेट फेट्यापर्यंत फाडत गेला.

"वर फाटलंय," दीक्षा म्हणाली. "म्हणजे शेपटी वर जातेय." तिनं मला मांडीवर आडवं घेतलं आणि वरपासून खाली एकेक भाग बोटानं चाचपत आली. वरच्या बोल्टपाशी तिचं बोट थांबलं. नेलपॉलिशची लाल रेघ तुटली होती. अर्धी इकडं, अर्धी तिकडं.

"पप्पा?"

हरिदास भाकरी मोडत होते. "जरासाच पिळला की गं. पाव आटा. सैल वाटला मला."

"आणि खालचा?"

"तुझ्या आईनं जेवायला बोलावलं."

साइटपाशी आल्यावर सिद्धांत आपणहून बूट बांधायला खाली वाकला. त्याच्या पायात चप्पल होती. शेवटी बोट फासात गेलं आणि तिनं हळूच तो दोरा वर उचलला.

"मम्मी."

"मंगलकामना हाय ती," मीनाबाई म्हणाल्या, पण आवाज बारीक झाला होता.

मग दीक्षा चिडली. "माझा बो हाय का घरचा पाटा? येतंय कोण, पिळतंय कोण, बांधतंय कोण! उद्या माझी चाचणी हाय! कुणी हात लावायचा न्हाय याला!"

शाळेतलं शुद्ध मराठी तिच्या तोंडून पार गेलं होतं. मीनाबाईंनी मला मांडीवर ओढलं, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि गाठ उकलायला घेतली. "सोडते बाई. मला काय कळतंय." मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ हात पाहिले. सोफ्यावरच्या पाहुण्यांचे हात मला कधी घाबरून शिवले नाहीत. या हातानं पिनेचं टोक माझ्या दोरीला लागू नये म्हणून मधे स्वतःचं बोट धरलं होतं. गाठ सुटली. दोरा त्यांनी मुठीत घेतला, पदराला पैसा बांधावा तसा.

दीक्षानं ते पाहिलं. मग बाण फासात लावून बघितला. जाड गाठीनं फास ताणला होता, त्यामुळं आता बाणाची शेपटी आत वरखाली हलत होती. ती पक्की करायला तिथं बारीक वेढे बांधावे लागतात. त्याचा खास दोरा पुण्याहून येतो. चाचणी मात्र उद्याच होती.

"मम्मी, तो दोरा दे की. न्हाय, तूच बांध. पण मी सांगते तसं."

तिनं आपल्या पेटीतली मेणाची कांडी दोऱ्यावर चोळली. मीनाबाईंनी बांधायला घेतला. बाणाच्या वर चपटे दोन वेढे, बाणाच्या खाली चपटे दोन वेढे. "वर जेवढा तेवढाच खाली, मम्मी. एका बाजूला जास्त झालं की बाण पळतोय." मीनाबाईंनी जीभ दातांत धरून गाठ मारली. तीच मंगलकामना, तोच दोरा. फक्त आता दोन्ही बाजूंना सारखा.

"पप्पा, एलन की घ्या. दोन्ही बोल्ट पूर्ण घट्ट करा."

हरिदासच्या चेहऱ्यावर दिवाळी आली. त्यांनी केले.

"आता दोन्ही सारखे सैल करा. दोन दोन आटे."

"सैल?" ते एलन कीकडे बघत राहिले. "दीक्षे, सैल करायचं मी शिकलोच न्हाय की गं."

पण केलं. वर दोन, खाली दोन. केसाइतका फरक नाही. रुळावरचं माणूस, मोजमापात चुकत नाही. दीक्षानं दोन्ही बोल्टवर नेलपॉलिशची नवी रेघ ओढली. सिद्धांतला तिनं साइट धरायला लावली. "मी सांगेन तेव्हा हलव. बाण जिकडं जाईल तिकडं. एका वेळी एकच गोष्ट."

"व्हिडिओत तर..."

"दादा."

त्यानं मोबाइल खिशात घातला.

ती बाण मारत राहिली, कागद बदलत राहिली. नेत्यांना आधी हनुवटीपासून फेट्यापर्यंत फाटावं लागलं, मग नाकापर्यंत, मग ओठापर्यंत. उन्हं कलली तेव्हा चौकटीत नेत्यांचं पान संपून हवामानाचं पान आलं होतं. त्यात, सोलापूरच्या तापमानावर, एक गोल भोक पडलं आणि त्याला तीन स्वच्छ चिरा. हरिदासनी ते पान घडी करून खिशात ठेवलं. ते अजून त्यांच्याकडे आहे.

रविवारी मैदानावर सर लाइनच्या मागे उभे होते. दीक्षानं मला उचललं. मी जड लागलो, नेहमीसारखा. तिनं नेटानं ओढलं, माझी चाकं फिरली आणि भार मी घेतला. तिचा श्वास संथ झाला. त्या एका क्षणासाठी मी बनलो आहे, मित्रांनो, बाकीचं आयुष्य नुसती वाट बघणं. बाण गेला. मग दुसरा, मग पुढचे. दोनदा ती चुकली, तो दोष माझा नव्हता आणि तिनंही माझ्यावर ढकलला नाही. निवड झाली. यादीतलं शेवटचं नाव तिचं होतं, पण बस सगळ्यांना एकच असते.

सरांनी मला हातात घेतलं, बोल्टवरची नवी रेघ पाहिली, फासातला मेणानं चमकणारा दोरा पाहिला. "यारु माडिद्रु इदन्न?"

"मी, सर," दीक्षा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे बोल्ट पप्पांनी, दोरा मम्मीनं. पण सांगितलं मी."

सर मराठीत हसले.

आता दीक्षाकडे नवा, वेगवान बो आहे. नोकरीच्या गावी तोच असतो. मी क्वार्टर्स सोडल्यावर घेतलेल्या घरात, पुढच्या खोलीत खुंटीवर आहे. मधे काही वर्षं माझ्या वरच्या चाकावर टॉवेल वाळत असे. मी तक्रार केली नाही, पण टॉवेल ओला असे हे खरं. दर सुट्टीला दीक्षा येते, टॉवेल असलाच तर बाजूला करते, माझ्या दोरीला मेण लावते. त्या चार वेढ्यांना ती हात लावत नाही. ते झिजले की आईला बोलावते.

मित्रांनो, मला उन्हात बंद गाडीत ठेवू नका, दोरी कोरडी पडू देऊ नका आणि बाण नसताना मला कधीही ओढून सोडू नका. आणखी एक विनंती आहे. कुणाच्या वस्तूवर जीव लावायचा असेल तर जरूर लावा, पण ती वस्तू ज्याच्या हातात बसते त्याला आधी विचारा. मग पाव आटाही उपयोगी पडतो आणि दोराही.

हरिदास आता निवृत्त झाले आहेत. रोज संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहतात, हात पाठीमागे घट्ट धरून. काल दीक्षाचा फोन चालू होता तेव्हा मला म्हणाले, "हा वरचा जरासा सैल वाटतोय की."

फोनमधून आवाज आला, "पप्पा!"

"बघायलोय फक्त," ते म्हणाले, आणि हात मागेच ठेवून मला बराच वेळ बघत राहिले.