सात कोंबड्या आणि एक बिडाची हंडी

मित्रांनो, मी एक तीन पायांची बिडाची हंडी. मादिनेओच्या लग्नात मी मालुती डोंगरातल्या या गावी आले. माझ्याएवढं भांडं तेव्हा गावात कुणाकडे नव्हतं, आणि त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? रोजचा पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडा, माझ्यात शिजायचा. पाहुणा आला की कोंबडी रटरटायची. लोक बोटं चाटत माझं कौतुक करायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

पुढे घरात गॅसची शेगडी आली आणि मी अंगणात गेले. मादिनेओने मला खुराड्यासमोर उन्हात ठेवलं आणि तिच्या सात कोंबड्यांसाठी माझ्यात पाणी भरलं. त्या पहिल्यांदा पाणी प्यायला आल्या तेव्हा मला कसंनुसं झालं. यांच्या आज्या-पणज्यांना मी शिजवलं होतं. बिचाऱ्यांना ते कुठे ठाऊक होतं? त्या खुशाल माझ्या काठावर चोच पुसायच्या.

मग जून उजाडला. आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिण भागात, जून-जुलै म्हणजे हाडं गोठवणारा हिवाळा. ओढा गोठला, छपरांवर बर्फ साचलं. दिवस आखूड झाले तशी कोंबड्यांनी पिसं टाकली आणि अंडी बंद केली. इकडे मादिनेओची लेक दिनेओ ऑगस्टमध्ये पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. लेकीच्या ताटात रोज एक अंडं पडावं, एवढंच मादिनेओच्या मनात होतं. त्यासाठी ती सातही जिवांना जपत होती. खुराड्यात कोरडं गवत घालायची, संध्याकाळी मूठभर ज्वारी टाकायची. रात्री पाणी गोठू नये म्हणून मला रोज पालथी घालायची, आणि सकाळी कोमट पाणी भरायची.

शेजारीच तिची विधवा थोरली नणंद राहायची, मोसा. तिला सगळे आउसी, म्हणजे ताई, म्हणत. तिची जीभ म्हणजे सुरी. ती रोज कुंपणाशी येऊन एकच तुणतुणं वाजवायची.

"आपल्या वेळी पोरींना अंडं शिवू देत नव्हते. आणि तू लेकीसाठी कोंबड्यांच्या नाकदुऱ्या काढतेस. नुसत्या खातात आणि बसतात. टाक दोन हंडीत."

"दिवस मोठा झाला की घालतील, आउसी. थकल्यात त्या, आळशी नाहीत."

जुलैत मादिनेओ लेकीला भेटायला दोन दिवस तिच्या सासरी गेली. कोंबड्यांकडे बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नाइलाजाने तिने आउसीला सांगितलं. आता एखादी तरी कापली जाणार, असं मी धरूनच चालले होते.

संध्याकाळी आउसी आली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिने एकेका कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांच्याशी लहान बाळाशी बोलावं तसं बोलली. मग तिने मला काठोकाठ भरलं. आयुष्यभर तिने कोंबड्या खाल्ल्या होत्या, पाळली मात्र एकही नव्हती.

पहाटेपर्यंत पाण्याचा दगड झाला. तो फुगला आणि मी काठापासून पोटापर्यंत तडकले. एक मोठी खपली निघून मातीत पडली. मित्रांनो, थंडीत भांडी संध्याकाळीच रिकामी करा हो. बीड भाजून निघतं, पण आतून ताणलं की टिकत नाही.

मादिनेओ परतली तेव्हा आउसी माझ्याशेजारीच उभी होती.

"मीच भरली. उजाडताच त्यांना पाणी मिळावं म्हणून," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिची मान खाली होती.

मादिनेओने माझ्या तड्यावरून बोट फिरवलं. मी तिच्या लग्नातली होते. तिचे डोळे भरून आले, पण ती म्हणाली, "रोज हंडीत टाक म्हणता, आणि त्यांच्या तहानेची एवढी काळजी?"

आउसी घरी गेली आणि स्वतःची धडधाकट हंडी घेऊन आली. "ही ठेव कोंबड्यांना. माझ्याकडे कोण येतंय आता जेवायला?"

त्या दिवसापासून दोघी एकत्र जेवू लागल्या. मला मात्र भंगारात जाण्याची धास्ती होती. पण आउसीनेच माझ्यात गवत कोंबून मला खुराड्याच्या कोपऱ्यात आडवी लावली.

ऑगस्टमध्ये दिनेओ अवघडलेल्या पावलांनी माहेरी आली. आठवडा गेला तरी अंड्याचा पत्ता नव्हता. मादिनेओ लेकीपुढे नुसता पापा आणि भाजी ठेवायची आणि तिची नजर चुकवायची. मित्रांनो, जो थोडा थांबला त्याला लगेच निकामी म्हणू नका. मादिनेओने म्हटलं नाही. आउसीनेही त्या आठवड्यात हंडीचं नाव काढलं नाही.

नवव्या दिवशी ऊन चांगलं तापलं. ठिपकेवाली कोंबडी माझ्याजवळ आली, आत डोकावली, गवत पायांनी सारखं केलं आणि बसली. बराच वेळ बसली. ती उठली तेव्हा आत एक ऊन ऊन अंडं होतं. आउसीने ते ओंजळीत घेतलं आणि पोरीसारखी धावत घरात गेली.

आजवर कितीतरी कोंबड्या माझ्या पोटात आल्या. आपल्या पायांनी आत आलेली आणि आपल्या पायांनी बाहेर गेलेली ही पहिलीच.