इस्त्री ज्याच्या हातात

आमच्या लॉन्ड्रीत कायदा एकच: इस्त्री ज्याच्या हातात, गाणं त्याचं. दुकान टाकलं तेव्हाच आमच्या ह्यांनी तो केला. मोठी इस्त्री माणसाचा घाम काढते, तर घाम गाळणाऱ्याला निदान गाणं तरी मनासारखं मिळावं, असा त्यांचा न्याय. तेव्हा त्या कायद्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण आमची दोघांची आवड एकच होती. जुनी, संथ, सुरेल गाणी. त्यातलं चंद्राचं गाणं तर अगदी आमच्या घरचं. 'चंद्रही आला उशिरा, तूही आलास उशिरा,' असं त्यातली बाई लाडात म्हणते. लग्नाआधी हे मला भेटायला कधी म्हणून वेळेवर आले नाहीत, तेव्हा मी ते तक्रार म्हणून म्हणायचे. हे कौतुकाने मान डोलवायचे. तक्रार काही पोचली नाही.

मग आमची लेक शिक्षण आटोपून दुकानात आली आणि तिनेही इस्त्री उचलली. दुपारची पाळी तिची. दुपारी दुकानात रॅप सुरू झालं.

ह्यांना ते ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. "हे गाणं आहे की भांडण?" ते काउंटरवरून ओरडायचे. "सूर कुठाय ह्यात?"

"शब्द ऐका ना बाबा."

"शब्द ऐकवायला तुझी आई आहे."

लेक म्हणायची, लाखो लोक हेच ऐकतात, ते सगळे वेडे आहेत का? हे म्हणायचे, सर्दीही लाखोंना होते, म्हणून तिला हार घालायचा का? मग ती चिडायची. "तुमच्या गाण्यांत तरी काय असतं? चंद्र, वारा, आणि परत चंद्र. आमची माणसं घरभाड्याबद्दल बोलतात, खडूस साहेबाबद्दल बोलतात."

"मग साहेबाला जाऊन सांगा म्हणावं. आम्हाला कशाला?"

गिऱ्हाइकांतही दोन तट पडले. लोकरीचे कपडे आणणारे शेजारचे मास्तर ह्यांच्या बाजूचे. समोरचा बेकरीवाला लेकीच्या बाजूचा, तो तर पिठाच्या हातांनी आमच्या काचेवर ठेका धरायचा आणि काच मला पुसायला लागायची. मी ह्यांच्याच पक्षातली. रॅप म्हणजे नुसता तोंडाचा पट्टा, असं माझं मत होतं, आणि आमच्या घरात त्या कामाला आधीच माणूस होतं.

ह्या सगळ्यात ह्यांचे कान हळूहळू जात होते. आम्हाला आधी वाटलं, माणूस लक्ष देत नाहीये. नवऱ्यांच्या बाबतीत हा फरक लवकर कळत नाही. पुढे कानाच्या साध्या मशीनचाही उपयोग होईना, तेव्हा शस्त्रक्रिया करून कानाच्या आत तार बसवली, आणि बाहेर कानामागे लावायचं एक छोटं यंत्र मिळालं. कान तपासणाऱ्या बाईंनी आधीच बजावलं होतं: सुरुवातीला सगळे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतील. रोज यंत्र लावून ऐकत राहा, म्हणजे मेंदू शिकतो. काढून ठेवलंत तर शिकलेलंही विसरतो.

हे शिकले. थोड्याच दिवसांत बोलणं कळायला लागलं. बायको, लेक, बेकरीवाला, सगळ्यांचे आवाज सारखेच पत्र्याचे, पण शब्द कळत होते. मी खूश. मग एका सकाळी त्यांनी आपल्या पाळीला इस्त्री तापवली आणि हौसेने चंद्राचं गाणं लावलं.

पहिलं कडवं संपायच्या आत त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि गाणं बंद केलं.

"काय झालं हो?"

"हे आपलं गाणं नाही."

"तेच आहे."

"असेल. मला तर कुणी जिन्यातून कपाट ओढत नेतंय असं ऐकू येतंय."

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, होतं असं. यंत्र शब्द पोचवतं, ठेका पोचवतं, सुरांचं मात्र त्याला नीट जमत नाही. पुढे सुधारेल कदाचित, कदाचित नाही सुधारणार.

त्या दिवसापासून यंत्र ड्रॉवरमध्ये गेलं. ह्यांच्या पाळीत दुकान मुकं. मी काही बोलले की ते हसून मान डोलवायचे, पूर्वी गाण्यावर डोलवायचे अगदी तशी. लेक समजावायला गेली, मास्तर गेले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मला भीती वाटायला लागली. भांडायला माणूस समोर आहे पण भांडण त्याच्यापर्यंत जातच नाही, ह्याच्यासारखं एकटेपण नाही. असंच चाललं असतं तर उरलेलं आयुष्य मी एका हसऱ्या माणसाच्या शेजारी गप्प बसून काढलं असतं. आणि गप्प बसणं मला जमत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

मदतीला आला एक स्वेटर. ड्रायरची घंटा ह्यांना ऐकू आली नाही आणि मास्तरांचा लोकरीचा स्वेटर बाहुलीला बसेल एवढा होऊन बाहेर निघाला. मास्तरांचं मन मोठं, पण स्वेटर बघून तेही जरा आकसलं. मी संधी सोडली नाही. ड्रॉवरमधलं यंत्र काढून ह्यांच्या तळहातावर ठेवलं आणि ड्रायरकडे बोट दाखवलं. ड्रायर फिरतोय तोवर यंत्र कानाला, मग घरी काय ते मौनीबाबा व्हा! एवढं त्यांना न ऐकताही कळलं.

ड्रायर चालतो दुपारी. दुपारी पाळी लेकीची. हा हिशेब माझ्या डोक्यातच आला नाही.

पुढच्या आठवड्यात मी एका हॉटेलच्या चादरी पोचवायला निघाले आणि उशांचे अभ्रे विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. मागच्या दाराने आत शिरले. लेक वर जेवायला गेली होती, आणि मोठी इस्त्री ह्यांच्या हातात होती. गाणं मात्र लेकीच्या फोनवर लेकीचंच चालू. आमच्या कायद्याप्रमाणे ते त्यांनी केव्हाच बंद करायला हवं होतं. फोन हाताशी होता. इस्त्री ठेक्यात पुढे जात होती, ठेक्यात मागे येत होती, आणि उजव्या पायातली चप्पल फरशीवर वाजत होती.

मी कपड्यांच्या ढिगाआड उभी राहिले. हेरगिरी नव्हती ती. बऱ्याच दिवसांनी नवरा दिसत होता, तो बघत होते.

गाणं संपलं. "सुमार," हे मोठ्याने म्हणाले. "यमकासाठी शब्द कोंबलेत नुसते." दुसरं लागलं. "हाही सुमार. एवढी काय घाई ह्याला, गाडी चुकतेय?" मग एका मुलीचं लागलं. ती चंद्राला विचारत होती, बाबा रे, एवढी मोठी जागा, एकटाच राहतोस, घरभाडं कोण भरतं तुझं?

हे थांबले. इस्त्री उभी केली, गाणं पुरतं ऐकलं, पुन्हा सुरुवातीला नेलं आणि पुन्हा ऐकलं. मला तर दुसऱ्याच ओळीला घाम फुटला होता. माझे कान शाबूत आहेत. आवाज ओळखीचा होता.

तेवढ्यात लेक खाली आली आणि शेवटच्या पायरीवर थबकली.

"ही पोरगी कोण गं?" ह्यांनी विचारलं.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी ढिगाआडून ओठांवर बोट ठेवलं.

"नवीन आहे," ती म्हणाली. "कुणी ऐकत नाही तिचं."

"म्हणूनच बरी असेल. तुझे ते लाखोवाले नुसतेच लाखोवाले आहेत. हिचा शब्द न् शब्द कळतो. वाक्य नीट खाली ठेवते, मग पुढचं उचलते. चंद्राला घरभाडं विचारते म्हणजे काय!" हे स्वतःशीच हसले. "शेवटचं कडवं मात्र पाडलंय. मध्येच कुणी हाक मारल्यासारखं."

"आईने मारली होती," लेकीच्या तोंडून निघून गेलं. "मी वरच्या सुकवायच्या खोलीत चादरींमध्ये बसून रेकॉर्ड करत होते, तिथे आवाज घुमत नाही म्हणून. आणि ती खालून ओरडली, मोजे जोडलेस का!"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात. आमच्याकडे उलटं झालं. दुसऱ्याचं कार्टं म्हणून तोंड भरून कौतुक केलं, आणि निघाला आपलाच बाब्या. हे बराच वेळ इस्त्रीची वायर सरळ करत बसले. ती सरळच होती.

"शेवटचं कडवं परत कर," ते अखेर म्हणाले. "तेवढा वेळ आईला मी बाहेर नेतो."

लेक हसताहसता रडायला लागली. लाखो लोकांनी ऐकलं असतं तरी पोर अशी रडली नसती.

मला आनंद झाला. आणि खरं सांगते, जरा झोंबलंही. बापलेकीला त्यांचं गाणं मिळालं, छान झालं, पण माझं काय? माझा चंद्र अजून जिन्यातून कपाटच ओढत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठी इस्त्री घेतली आणि चंद्राचं गाणं लावलं. कायदा म्हणजे कायदा. हे काउंटरवर कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होते, आणि यंत्र आज न सांगता सकाळपासूनच कानाला होतं. सूर सुरू झाले तसा त्यांचा हात कानामागे गेला.

"काढू नका," मी म्हणाले. "मी सांगते कुठे आलंय ते."

आणि गाण्यातल्या बाईसोबत मी तिची ओळ बोलायला लागले. गायले नाही. गायले असते तर त्यांच्यापर्यंत आणखी एक कपाट गेलं असतं. नुसती बोलले, इस्त्रीच्या ठेक्यात, पुढे नेताना अर्धी, मागे आणताना अर्धी. चंद्रही आला उशिरा. तूही आलास उशिरा. आधी हे नुसतेच बघत राहिले. दुसऱ्या कडव्याला त्यांचं बोट काउंटरवर पडायला लागलं.

"आता ती 'उशिरा'वर सूर लांबवते ना?" त्यांनी विचारलं.

"हो. आत्ता तिथेच आहे."

"मग तो मला येतो," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. शब्द माझे, सूर त्यांच्या आठवणीतला, असं ते गाणं चाललं होतं.

लेक जिन्यात उभी होती. "आई," ती हळूच म्हणाली, "तू रॅप करतेयस."

"गप्प बस, ठेका चुकेल माझा."

गाणं संपलं. ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे जरा अपराधी चेहऱ्याने पाहिलं.

"काय गं," ते म्हणाले, "मी खरंच इतका उशिरा यायचो?"

"यायचात," मी म्हणाले, आणि पुढचा शर्ट घेतला.