भिंत माझी, डबकं तुमचं

आमचे धाकटे दीर व्यंकटराव सरपंच झाले अन् त्यांचा उजवा हात कामातून गेला. कायबी विचारा, हात एकतर परभणीकडं उठणार, न्हाईतर दिल्लीकडं. आडाजवळच्या डबक्यात मच्छर झाले, निम्मं गाव हिवतापानं कुडकुडायलंय म्हणलं, तर म्हणतेत, "वैनी, औषध दिल्लीहून येतं, माणूस जिल्हा परिषदेचा. पंचायतीनं काय करावं?"

मला घोर कोकिळेचा. लेक माझी, पूर्ण्याला दिलेली, पहिलटकरीण. सासरचे अडून बसले, गावात हिवताप हाय तोवर बाळंतपणाला धाडणार न्हाई.

शहात्तरच्या श्रावणात फवारणीवाला बन्सीधर पाठीला पंप लावून आला. घरोघर भिंती फवारल्या. पांढरे डाग, अन् वास असा की नाक धरावं. लेक यायची अन् भिंती अशा? माझ्यावाणी सारवण ह्या गावात कोणाचं न्हाई. दुसऱ्याच दिवशी शेणामातीनं भिंती चोपड्या केल्या. माझं पाहून साऱ्या गल्लीनं सारवलं.

आठ दिवसांनी बन्सीधर तपासायला आला अन् कपाळाला हात लावून बसला. "मावशी, मच्छर भिंतीवर बसून मरावं म्हणून औषध मारलं. तुमी तेच सारवणाखाली पुरलं!"

व्यंकटराव पोट धरून हसायले. "घ्या! दिल्लीला आमच्या वैनीनं गाडलं!"

जन्मात चूक कबूल केली न्हाई, त्या दिवशी चारचौघांत केली. "चुकलं माझं. बन्सीधर, पुन्हा मार. मी सांगेपर्यंत कोणी भिंत सारवली तर गाठ माझ्याशी हाय." अन् खोरं उचलून सरळ डबक्यावर गेले. मागं साऱ्या बाया. वैनी चिखलात अन् सरपंच पारावर, कसं दिसावं? आले धोतर खोचून. चर खणता खणता असे आपटले की हसून हसून आडावरच्या बायांच्या हातातले पोहरे सुटले. पण पाणी वाहून गेलं.

दसऱ्याला गावात एकबी माणूस तापानं पडलेला न्हवता. कोकिळा यष्टीतून उतरली. दिवाळी झाली, नातू झाला, बारसं आलं, तरी माझ्या भिंतीवर पांढरे डाग तसेच. मी ते मिरवायले.

बारशात व्यंकटराव पाहुण्यांना सांगायलेत, "सरकारनं हिवताप घालवला बरं का!" अन् हात निघाला दिल्लीकडं.

मी त्याच हातात बाळ दिलं. म्हणलं, "भावजी, औषध दिल्लीचं, पंप परभणीचा, भिंत माझी, अन् डबकं तुमचं होतं. तुमचा हात दाखवायपुरता हाय असं वाटलं होतं मला. न्हाई, कामाचा हाय. आता नीट धरा, मान सांभाळा त्याची."