मीनलताई म्हणाल्या म्हणून

मी बोलतोय, मीनलताईंच्या पिशवीतलं बीपीचं मशीन. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, थोडा वेळ घर्र आवाज, आणि मग पडद्यावर आकडे. एवढाच माझा जन्माचा उद्योग.

सिंगापुरातल्या सेरंगूनच्या मॉलमध्ये औषधांच्या दुकानात मी काचेआड बसलो होतो, तिथून मीनलताईंनी मला उचललं. त्या डॉक्टर नव्हेत, नर्सही नव्हेत. पुण्यात त्या बँकेत होत्या. नवऱ्याच्या, निशिकांतरावांच्या, नोकरीपायी सिंगापूरला आल्या आणि मुलं मोठी झाल्यावर त्यांनी आरोग्य स्वयंसेविकेचं प्रशिक्षण घेतलं. शिकवण साधी होती. मोजा, ऐका, आणि शंका आली की दवाखान्यात पाठवा.

शनिवारी आमचं टेबल आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, खालच्या मोकळ्या जागेत लागायचं. चिनी आजीबाई यायच्या, तमीळ काका यायचे, आणि आपली मराठी मंडळी तर हमखास. तिथे मला एक गोष्ट उमगली. माणसाला माझ्या आकड्यांपेक्षा ते सांगणाऱ्याचा चेहरा खरा वाटतो.

पद्माकरकाकांचंच घ्या. मुलाकडे राहायला आलेले, डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण मुलाच्या विनवण्यांना ते बधले नाहीत. मीनलताई त्यांच्याशेजारी बसल्या, आधी गावाकडची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, सोमवारी आपण दोघं पॉलिक्लिनिकला जाऊ. काका निमूट गेले. साखर भलतीच वाढली होती. दृष्टी थोडक्यात वाचली. तेव्हापासून ब्लॉकमध्ये "मीनलताई म्हणाल्या" म्हटलं की विषय संपायचा.

हाच शब्द साधनाला भोवला.

साधना तिसऱ्या मजल्यावर राहायची. नवरा चारुदत्त जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी श्रिया सहावीत, इथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेच्या तोंडावर. त्या शनिवारी रांग लांब होती. मी साधनाच्या दंडावर होतो; तिची नाडी जरा पळत होती. खाली वाकून ती हळूच म्हणाली, की छातीत एक बारीकशी गाठ लागते, दुखत मात्र नाही.

मीनलताई माझ्याकडे बघत होत्या. आकडे चांगले होते.

"बघ, बीपी किती छान आहे तुझं," त्या म्हणाल्या. "होतात गं अशा गाठी या वयात. घाबरू नकोस."

माझ्या पट्ट्यातला तिचा दंड एकदम सैल पडला. मागच्या आंटींनी तोवर खुर्ची ओढली होती.

श्रियाची परीक्षा झाली, निकाल लागला, नवी शाळा सुरू झाली. साधना पुन्हा टेबलाशी आली नाही. आले ते चारुदत्त. गाठ काखेपर्यंत पोचली होती; ऑपरेशन झालं होतं, केमो सुरू होणार होती. ते तक्रार करायला आले नव्हते, फक्त सांगत होते. मीनलताईंनी माझा पट्टा गुंडाळून मला पिशवीत ठेवलं.

त्यानंतर त्या खाली गेल्याच नाहीत. मी कपाटात पडून राहिलो. निशिकांतराव समजावायचे, तू काय डॉक्टर आहेस? त्या म्हणायच्या, "नाही ना. म्हणूनच बोलायला नको होतं."

अंधारात मलाही ते टोचत राहिलं. खोटं मी काहीच दाखवलं नव्हतं. पण माझ्या चांगल्या आकड्यांचं पांघरूण त्या गाठीवर पडलं, हेही खरंच.

एके दिवशी मीनलताईंनी पिशवी उचलली आणि त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. दार श्रियाने उघडलं. पोरीने आढेवेढे घेतले नाहीत.

"आंटी, यू टोल्ड हर इट्स ओके, राइट?"

"हो," मीनलताई म्हणाल्या. "मीच सांगितलं."

आत साधना डोक्याला रुमाल बांधून पडली होती. मीनलताईंनी स्वतःला दोष द्यायला सुरुवात केली. साधनाने त्यांना पूर्ण बोलू दिलं.

"चारू रोज म्हणायचा, डॉक्टरकडे जा," मग ती म्हणाली. "मला भीती वाटायची. 'काही नाही गं' म्हणणारं कुणीतरी हवं होतं मला. म्हणून मी तुमच्याकडे आले, ताई. आणि तुम्ही म्हणालात."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीनलताईंनी ते मागितलंही नाही. पुढच्या केमोला सोबत कोण आहे, एवढंच विचारलं. चारुदत्तांना सुट्टी नव्हती. मीनलताई गेल्या, त्या वेळी आणि पुढेही.

साधना आज चालते-फिरते, पण तपासणीचा दिवस जवळ आला की दोघींचीही झोप उडते. मीनलताई पुन्हा टेबलावर बसू लागल्या आहेत. आता कुणी हळू आवाजात काही सांगू लागलं, की त्या माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. परवा स्मिता नावाच्या मुलीने विचारलं, काही काळजीचं नसेल ना? मीनलताईंच्या ओठांवर धीराचे शब्द आले होते, मी पाहिले. त्यांनी ते गिळले.

"मला नाही कळत त्यातलं," त्या म्हणाल्या. "ज्यांना कळतं त्यांच्याकडे जाऊ. उद्या येऊ का तुझ्याबरोबर?"

स्मिताचा चेहरा उतरला. पण ती गेली.

माझा पट्टा आता धड चिकटत नाही, आकडेही कधीकधी चुकतात. नवं मशीन आलं आहे. मी आता रजा घेतो. जाताना एवढंच मागतो. मनात भीती असेल, तर धीर देणारं माणूस जरूर सोबत घ्या. पण नुसता धीर घेऊन घरी परतू नका. त्या माणसासोबत दवाखान्याची पायरी चढा.