ओली दाढ

मुलांच्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या दातांच्या खोलीत खिडकीखालच्या फळीवर प्लास्टरचे जबडे मांडलेले असत. कॅन्सरचं औषध सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाचं तोंड तपासायचं, किडलेले दात काढून टाकायचे आणि दोन्ही जबड्यांचे ठसे घ्यायचे, अशी इथली पद्धत. त्या ठशांत प्लास्टर ओतून इथले कारागीर मामा हुबेहूब जबडे बनवायचे आणि त्यांच्या मापाने दातांना कीड लागू नये म्हणून जेल लावायचे पातळ ट्रे बेतायचे. वरचा आणि खालचा जबडा रबराने बांधून ठेवायचे. नाव मात्र फक्त वरच्यावर. खालचा त्याच्याच पोटाशी बांधलेला, मग दोनदा लिहायचं कशाला? मामांच्या हातात जादू होती, पण आळसही काही कमी नव्हता.

मुलं येता-जाता आपापले जबडे ओळखायची. पुढचे दोन दात मोठे असलेली ती खारूताई. हाडांचा नुसता सापळा असलेला तो पैलवान. हे नाव त्याने स्वतःच घेतलं होतं आणि दंड दाखवल्याशिवाय तो कुणाला पुढे जाऊ द्यायचा नाही. डॉक्टरीणबाईंना सगळी दातताई म्हणायची. बाईंना ते आवडायचं, पण चेहऱ्यावर तसं दिसू द्यायच्या नाहीत.

एका सकाळी ट्रे दुरुस्त करायला त्यांनी खारूताईची जोडी सोडली. खालच्या जबड्याची डावी दाढ ओली होती.

त्यांनी ती पुसली. हात धुऊन येईपर्यंत दाढेभोवती पुन्हा ओल आली.

"मामा, हे ओलं कसं?"

"प्लास्टर आहे ताई, हवा पितं. भट्टीत टाकतो."

भट्टीतून जबडा खडखडीत कोरडा निघाला. दुपारी दाढ ओली. आता वासही होता. मंद, गोडसर, कुजका. तो वास कशाचा, हे दातांच्या कुठल्याही डॉक्टरला झोपेतही सांगता येईल. मुळाशी पू झाला की तसा वास येतो. पण तो माणसाच्या तोंडाला येतो, प्लास्टरला नाही.

बाईंनी जबडा फळीवर ठेवला. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि नसलेल्या विश्वासाचा त्या क्षणी काडीचा उपयोग नव्हता. त्यांना एवढंच ठाऊक होतं की या औषधांनी मुलांच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी संपतात. मग दाढेत विष साठलं तरी गाल सुजत नाही, पू दिसत नाही, कधी कधी दुखतही नाही. मूल हसत-खेळत असतं, आणि एका रात्रीत ते विष रक्तात उतरतं. खारूताईचा पुढचा डोस दोन दिवसांवर होता.

त्यांनी खारूताईच्या दाढेचा एक्स-रे फोटो काढला. तो स्वच्छ होता. त्यांनी तो उजेडाकडे धरला, तिरका केला, पुन्हा पाहिला. पाहायचंच ठरवलं की फोटोत काहीही दिसतं. त्यांना मुळाशी सावली दिसली.

"जखम भरेपर्यंत डोस थांबवावा लागेल," कॅन्सरचे मोठे डॉक्टर म्हणाले. "तेवढ्यात आजार डोकं वर काढू शकतो. खात्री आहे ना तुमची?"

"आहे," बाई म्हणाल्या. कशाच्या जोरावर, ते सांगायची सोय नव्हती.

दाढ निघाली ती मोत्यासारखी. मुळं गुलाबी, अखंड, कुठे डाग म्हणून नाही. बाईंनी ती कापसात गुंडाळली. बाहेर खारूताईची आई पदर मुठीत धरून उभी होती.

"किडली होती का हो?"

"बरं झालं काढली," बाई म्हणाल्या, आणि त्यांची मान आपोआप खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा फळी पुसत होते. फडकं हातातच राहिलं.

"ताई, पैलवानाची दाढ कधी काढली तुम्ही?"

"त्याची? नाही काढली."

"मग हे बघा."

पैलवानाच्या जोडीतल्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूला दाढच नव्हती. मोडली म्हणावं, तर मोडल्याची खूण नव्हती. तिथे गुळगुळीत खळगा होता, मुळांच्या जागी दोन खोल भोकं, अगदी नुकती दाढ काढल्यावर हिरडीत असतात तशी. हा जबडा ओतून कित्येक आठवडे झाले होते.

बाईंनी तो उचलला आणि खारूताईच्या वरच्या जबड्यावर टेकवला. दातात दात चपखल बसले. मग ओला जबडा पैलवानाच्या वरच्या जबड्याला लावला. तोही बसला.

"मागे फळी धुतली तेव्हा..." मामा म्हणाले. "रबरं मीच बदलली होती. खालचे जबडे तेव्हाच बदलले असणार."

बाई पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. पैलवानाचा डोस त्याच सकाळी सुरू झाला होता.

तो पलंगावर मांडी घालून बसला होता. हाताला सलाईन, तोंडाने बडबड. त्यांना पाहून त्याने मोकळा दंड फुगवला.

"आ कर, पैलवान."

गाल सपाट, हिरडी फिकट. त्यांनी कोरडा, नवा हातमोजा घातला आणि डावी दाढ दाबली.

"दुखतंय?"

"छे! पैलवानाला दुखतं होय?"

त्यांनी बोट बाहेर काढलं. बोटाचं टोक नाकाशी नेलं. तोच वास होता.

"सलाईन बंद करा," त्या नर्सला म्हणाल्या. "मोठ्या डॉक्टरांना बोलवा. धावत."

मोठे डॉक्टर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. कालच्या दाढेची हकीकत त्यांच्या कानावर गेली होती. बाईंनी वाद घातला नाही. हातमोजा पुढे केला. त्यांनी वास घेतला आणि आठ्या विरल्या. जंतूंवरची औषधं लगेच सुरू झाली. दुपारी पैलवानाला असा ताप भरला की पलंग हलत होता. पण औषधं ताप येण्याआधीच रक्तात पोचली होती, आणि तेवढ्याने तो तगला. रक्ताच्या पिशव्या लावून त्याची दाढ काढली, तेव्हा तिचं काळं पडलेलं मूळ चिमटीत कुस्करलं गेलं.

मामा सगळीकडे सांगत सुटले की ताईंनी पोराला मरणाच्या दारातून ओढून आणलं. बाईंना ते ऐकवेना. त्या उठल्या आणि वॉर्डात खारूताईच्या आईकडे गेल्या.

"तिची दाढ चांगली होती. चूक माझी झाली. आणि त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले."

"दुसरी येईल ना?" आईने विचारलं.

"नाही. ती कायमची होती."

"आणि डोस लांबला, त्याचं काय?"

"ते आज सांगता येणार नाही."

आईने डोळे पुसले नाहीत. ते कोरडेच होते. "मला सांगून काय होणार? दाढ तिची होती. तिला सांगा."

तेवढ्यात खारूताईच धावत आली. तिने ओठ बोटाने ओढून खळगा दाखवला.

"दातताई, पैलवानाचीपण काढली ना, इथलीच? आता आमची जोडी! त्याची खराब होती. माझीपण होती ना?"

बाईंनी तिच्या आईकडे पाहिलं. आईने नजर हलवली नाही. मग बाई पलंगाच्या कडेला बसल्या, खारूताईला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "नाही गं राणी. तुझी छान होती."