पायांवरून माणूस

समोरच्याला आपण काय म्हणून हाक मारतो, यावरून आपली संस्कृती कळते, असं आमच्या गाळेधारक संघटनेचे अध्यक्ष केयूरशेठ मानतात. त्या दिवशीही त्यांनी हे गंभीरपणे सांगितलं आणि शिपायाला म्हणाले, "ए पंढऱ्या, त्याला आत धाड."

'तो' म्हणजे सयाजी शेलार. वय सत्तावन्न, मिशा पांढऱ्या, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात बत्तीस वर्षं पाठीवर गोणी. बाजार बघायला आलेल्या एका शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी लेखी तक्रार केली होती, की पांढऱ्या मिशांच्या एका हमालानं आपल्याला "ए, हट" म्हटलं. खरं ठरलं तर सयाजीचं नाव तीन महिने हमालांच्या टोळीतून कमी होणार होतं. पांढऱ्या मिशांचा हमाल आमच्या माहितीत एकच.

"तू लोकांना काय वाट्टेल ते बोलतोस म्हणे," केयूरशेठ म्हणाले.

"न्हाय जी."

बाकी खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. मी संघटनेचा लेखनिक, मराठी घेऊन एम.ए. इतिवृत्तात मात्र मी 'श्री. सयाजीराव शेलार उपस्थित राहिले' असं लिहिलं. एक सकाळ त्याच्या मागे फिरून शब्द टिपायचे, असा मला हुकूम झाला.

पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतली की माणूस कमरेत वाकतो आणि त्याला जमिनीपासून वीतभर जग दिसतं. चेहरे नाहीत, कपडे नाहीत. नुसते पाय. सयाजी त्या गर्दीत पळत होता.

"मावशी, लुगडं भिजंल, हिकडनं या. वैनी, दमानं. डायवरसाहेब, गाडी जरा म्होरं. पैलवान, वाईच सरका."

पैलवान म्हणजे पोट सुटलेला एक दलाल. तो खूश होऊन सरकला. मावशी मावशीच होती, वहिनी वहिनीच. मी त्रेसष्ट नोंदी केल्या. एकही चुकीची नव्हती. मला समोर उभ्या माणसाचा चेहरा, कपडे, व्हिजिटिंग कार्ड एवढं सगळं दिसूनही निम्म्या वेळा 'अहो' की 'अरे' ठरत नाही. वही हातात धरून मी चक्क थांबलो.

"कसं ओळखता, सयाजीराव?"

"पाय सांगत्यात की, मास्तर. जोडवी झिजलेली, ती मावशी. जोडवी नवी, ती वैनी. पाय कुठं ठिवावा कळंना, ते गिऱ्हाईक, तेला साहेब. पॉलिशचा बूट आन् चिखलात निवांत उभा, त्यो सरकारी. तेला दोनदा साहेब."

मी हे जाऊन सांगितलं, तर केयूरशेठांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पंढरीच्या चपला पायात घातल्या, पँट दुमडली आणि गल्लीच्या मध्ये जाऊन उभे राहिले. सयाजी गोणी घेऊन आला. मान वर झाली नाही.

"केयूरशेठ, जपून. पंढरीदादांच्या चपलंचा अंगठा तुटलाय."

पंढरी चौदा वर्षं आमच्याकडे आहे. त्याला 'दादा' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यानंही.

"कसं कळलं रे?" शेठांनी विचारलं.

"गोणी आली की समदी पाय मागं घेत्यात जी. तुमी एकटंच घेत न्हाई."

मी चार पानी अहवाल लिहिला. असा शब्दांचा धनी माझ्या पाहण्यात नाही, हे वाक्य आधी खोडलं, मग परत लिहिलं. केयूरशेठांनी अहवाल दोनदा वाचला, सयाजीला बोलावून घेतलं, उठून स्वतः खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बसा, सयाजीराव." सयाजी कडेला टेकला.

प्रकरण मिटवायला जबाबाचा एक रकाना तेवढा भरायचा राहिला होता.

"बारा तारखेला त्या पाहुण्यांना तुम्ही नेमकं काय म्हणालात?" मी विचारलं.

"बारा तारखंला?"

"हो. तक्रार बाराची आहे."

"म्या न्हवतो की. धा ते चौदा गावाकडं, यात्रंला."

"मग आधी का नाही बोललात?"

"तारीख कुनी सांगितली?"

मी फाईल उघडली. दहा ते चौदा तारखेच्या रजेचा अर्ज तक्रारीच्याच खाली लावलेला होता. मंजुरीची सही केयूरशेठांची, आवक शिक्का माझा.