यादीत नाव नसलेली पोटुशी

माझा नवरा तुषार जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, असं लोक म्हणतात. मी त्याला शिकवताना फारसं पाहिलेलं नाही. पाहिलंय ते मतदार याद्या काखेत मारून दारोदार फिरताना, कारण तो आमच्या गावाचा बीएलओ, म्हणजे मतदार यादी सांभाळणारा अधिकारी आहे. कोण वारलं, कोण अठरा वर्षांचं झालं, कुणाची सून कुठल्या गावची, सगळं त्याला तोंडपाठ. मला कितवा महिना चालू आहे हे मात्र तो दर वेळी बोटं मोजून सांगायचा.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण बेलापूरला माझ्या आईच्या, जयमालाबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिलाच दोघांनी धरून उठवावं लागत होतं, ती मला काय उठवणार? म्हणून मी सासरीच राहिले, पारनेर तालुक्यात. तारीख दिली होती आठ एप्रिल. आठ आली आणि गेली. माझं पोट तिथंच. दहा तारखेला आम्ही पारनेरला डॉक्टर मॅडमकडे गेलो.

तपासून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "बाळ छान आहे. ठोके चांगले, पाणी चांगलं. घाई काही नाही. पंधरा तारखेपर्यंत वाट बघू, नाहीतर दाखल करून औषधाने कळा आणू. त्याआधी हवं असेल तर एकदा स्वीप करून बघता येईल."

"स्वीप?" तुषारचा चेहरा उजळला. "मॅडम, आमच्याकडे स्वीप कधीच झालंय. प्रभातफेरी काढली, रांगोळी स्पर्धा घेतली, मुलांचं पथनाट्य बसवलं. फोटोसुद्धा अपलोड केलेत."

मतदार जागृतीच्या सरकारी कार्यक्रमालाही स्वीपच म्हणतात, हे मॅडमना कुठून माहीत असणार? त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि समोर तोच माणूस बसलाय याची खात्री करून घेतली.

"यात रांगोळी नसते," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आत बोट घालून गर्भाशयाच्या तोंडाजवळचा पडदा जरा सैल करायचा. थोडं दुखतं. थोडं रक्त दिसू शकतं. कधी दोन दिवसांत कळा सुरू होतात, कधी काहीच होत नाही. नको वाटलं तर नको, त्याने काही बिघडत नाही. बारा तारखेला ये आणि सांग."

'थोडं दुखतं' या दोन शब्दांवर माझा विश्वास नाही. कान टोचणाराही तेच म्हणाला होता. मला स्वीपची भीती वाटत होती आणि वाट बघत बसण्याचीही. दोन्ही भीत्या एकाच पोटात, बाळाशेजारी. घरी येताना रिक्षात कुणाशी तरी बोलावं असं फार वाटत होतं. तुषार वाटभर फोनवर होता. कुणाचं तरी नाव यादीत दोनदा आलं होतं.

घरी पोचल्यावर त्याने ओसरीवरूनच जाहीर केलं, "मॅडम स्वीप करायचं म्हणतायत. दोन दिवसांत मोकळी होईल."

माझे सासरे सहादूमामा एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना वेळापत्रकाचं भारी वेड. ते उठून थेट कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले. "बारा आन् दोन चौदा!" ते ओरडले. "अगं सुमन, चौदा एप्रिल! जयंतीच्या दिवशी नातवंड! करून टाका म्हनावं त्ये स्वीप!"

स्वीप म्हणजे नेमकं काय हे त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. ते इंजेक्शन असावं असा त्यांचा समज होता.

सासूबाईंना, म्हणजे सुमनआत्यांना, मी आत जाऊन सगळं सांगितलं होतं. त्या पदर खोचून बाहेर आल्या. "काय बी करायचं न्हाई. आंबा पिकला की आपसूक गळतोय. दगडं कशाला मारायची?"

"पाडाला आलेला आंबा उतरवत्यात," मामा म्हणाले. "गळाल्याला डाग पडतोय."

"तुमी कवा उतरवला आंबा? जलम गेला गाडीत घंटी मारन्यात!"

तासभर माझ्या पोटाचा आंबा झाला. तेवढ्यात शेजारच्या चांदबी विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात धरून तिथंच बसल्या. त्यांना पाच मुलं. "मला बाई कायच कराया लागलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पाचव्याच्या टायमाला मी कांदं काढत हुते. हिला दोन वाफं खुरपाया लावा." आमच्या घरात सल्ल्याला कधी दुष्काळ पडत नाही.

शेवटी तुषार उभा राहिला. वर्गात गोंधळ झाला की करतो तसा हात वर करून म्हणाला, "भांडू नका. लोकशाही आहे. उद्या संध्याकाळी मतदान घेऊ."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण माझा नवरा मतदानाची चेष्टा करत नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या कोपऱ्यात माझीच साडी आडवी बांधून मतदान कक्ष तयार झाला. खारीच्या डब्याला वरून चीर पाडली, त्याची मतपेटी. चिन्हांवर अर्धा तास खल झाला. स्वीपला झाडू शोभला असता आणि थांबण्याला घड्याळ, पण तुषार म्हणाला, ती पक्षांची चिन्हं आहेत, उगाच तक्रार व्हायची. मग स्वीपला शिट्टी आणि थांबण्याला खुर्ची ठरली. खाली नोटा. चांदबींना निरीक्षक नेमलं, पण मत द्यायला मिळणार नसेल तर मी चालले म्हणाल्या, म्हणून त्यांना मतही दिलं. आईचं टपाली मतदान मोबाईलवरून आलं. चार मिनिटांचा आवाजी निरोप होता. त्यात गुडघा होता, फिजिओथेरपीवाला होता, माझ्या मावसबहिणीचं बाळंतपण होतं आणि शेवटी "बघा बाई, कसं करताय ते" होतं. ते मत बाद झालं.

मामा मत देऊन बोटावरची मार्करची निळी रेघ मिरवत बाहेर आले. आत्या गेल्या आणि तावातावाने आल्या. चांदबी आत इतका वेळ होत्या की तुषारने दोनदा हाक मारली. तुषार स्वतः निवडणूक अधिकारी, म्हणून तटस्थ. बाप तटस्थ! मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून, पोटावर हात ठेवून, हा तमाशा बघत होते. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

डबा उघडला. शिट्टी एक, खुर्ची एक, नोटा एक, बाद एक.

"बरोबरी," तुषार म्हणाला. "आता चिठ्ठी टाकून..."

"अरे बाबा," चांदबी म्हणाल्या, "जिच्या पोटात हाय तिचं मत ऱ्हायलं की!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच उठले, दोन पावलं चालले आणि टेबलासमोर उभी राहिले. तुषारने समोर आमच्या वस्तीची खरीखुरी मतदार यादी ठेवली होती. तिच्यावर खुणा करूनच तो एकेकाला आत सोडत होता. त्याने बोट फिरवलं. वरून खाली. पान उलटलं. खालून वर. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने, मान वर न करता तो म्हणाला,

"तुमचं नाव यादीत नाही, ताई. माहेरच्या यादीत असेल. बेलापूरला जावं लागेल."

घरात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. मग चांदबींच्या हातातली, आजही विरजणासाठी आणलेली वाटी पडली आणि ती मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू गेली.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. गावातल्या एकूण एक सुनेचं नाव या माणसाने इकडे आणलं होतं. माझं राहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"तुषार!" मी ओरडले. इतर वेळी मी 'अहो' म्हणते. "बोट माझ्यात घालणार, दुखणार मला, रक्त माझं जाणार, आणि मत द्यायला मी बेलापूरला जाऊ? या पोटाला घेऊन? कुठली एसटी आहे सांगा, मामा!"

"सव्वासहाची गेली," मामा नकळत बोलून गेले. आत्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले.

"मला भीती वाटतेय," मी म्हणाले. "दोन दिवसांत कुणी विचारलं का, प्रज्ञा, तुला काय वाटतं? आंब्याला विचारलं, कॅलेंडरला विचारलं. मला कुणी विचारलं?" आणि मी रडले. चांगली मोठ्याने रडले.

नंतर आत्या माझ्या पाठीला तेल लावायला बसल्या. खांद्यापासून कमरेपर्यंत तेल चोळलं. मग म्हणाल्या, "तुषारच्या टायमाला नर्सबाईनं न सांगताच हात घातला. मी वरडले तर म्हनली, गप पड. म्हनून मी खुर्चीवर शिक्का मारला. पन त्ये माझं झालं. तुझं तू बघ. मी संगं येते."

बारा तारखेला मॅडमच्या खोलीत आम्ही दोघीच गेलो. तुषारला बाहेर बसवलं. मी रात्री कागदावर प्रश्न लिहून ठेवले होते. बाळाला काही होईल का? नाही केलं तर काय? केलं आणि काहीच झालं नाही तर? मॅडमनी एकेकाचं उत्तर दिलं. जे नक्की सांगता येत नव्हतं ते नाही सांगता येत, असंही सांगितलं. मग पेन खाली ठेवून विचारलं,

"तर मग प्रज्ञा, तुझं मत काय?"

मत! तोच शब्द. त्याला ना डबा लागला, ना शिट्टी, ना यादी.

"करा," मी म्हणाले. "पण मी थांबा म्हटलं की थांबायचं."

"कबूल."

दुखलं. थोडं नाही, चांगलंच दुखलं. मी आत्यांचा हात दाबला आणि ओरडले, "थांबा!"

आणि मॅडम थांबल्या. लगेच. हात बाहेर काढून नुसत्या उभ्या राहिल्या. नऊ महिन्यांत माझ्या शब्दावर पहिल्यांदाच काहीतरी थांबलं होतं. मी छताकडे बघत तीन-चार श्वास घेतले. भीती होती, पण आता ती माझ्या मुठीत होती. आत्यांकडे पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"आता करा," मी म्हणाले.

तेरा तारखेला सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारी चार वाजता मुलगी झाली. स्वीपमुळे झाली की तिची तीच निघाली, हे मॅडमनाही सांगता येईना. "आठ तास थांबली असती तर!" मामांनी कपाळावर हात मारला. पण पाळण्यात डोकावल्यावर त्यांचा नूर पालटला. "लई हुशार हाय. गर्दीच्या आदी येऊन रुमाल टाकून जागा धरली तिनं!"

संध्याकाळी तुषार आला. दाराशी घुटमळला. लेकीच्या मुठीत आपलं बोट देऊन बराच वेळ बसला. ते निळं बोट होतं, सगळ्यांना रेघा मारता मारता त्याचंच बोट रंगलं होतं. मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"तुझ्या नावाचा अर्ज. नाव बेलापूरहून इकडे आणायचा. सगळा भरलाय. फक्त सही कर."

मी पेन घेतलं. मग परत त्याच्या हातात दिलं.

"आधी विचारा," मी म्हणाले.

"काय?"

मी लेकीला दुसऱ्या कुशीवर घेतलं. तो कागदाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. शिक्षक आहे, वेळ लागतो, पण समजतं.

"प्रज्ञा," तो म्हणाला, "तुझं मत काय?"

"विचार करून सांगते," मी म्हणाले आणि डोळे मिटून मस्त झोपले.